हाडासाठी मिनरलाइज्ड कोलॅजन स्कॅफोल्ड बनवताय? मग फ्रीझ ड्रायर शेल्फवालाच घ्या

ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये हाडासाठी मिनरलाइज्ड कोलॅजन स्कॅफोल्ड (म्हणजे कोलॅजन या प्रोटीनचा, मिनरल घातलेला, छिद्रांचा सांगाडा, ज्यात हाडाच्या पेशी वाढतात) बनवायचं काम आलंय आणि ग्रँटच्या इक्विपमेंटच्या रकान्यात एकच मोठी वस्तू बसणार आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय, आणि घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते: ते पैसे फ्रीझ ड्रायरवर (माल गोठवून व्हॅक्यूममध्ये वाळवणारं मशीन) घाला, आणि तो शेल्फवाला घ्या, म्हणजे ज्याच्या शेल्फचं तापमान मिनिटाला किती डिग्रीने उतरवायचं हे आपल्याला प्रोग्रॅम करता येतं असा. मी नागपूरला बायोमटेरियल्सवर काम करते, आमच्या लॅबमध्ये हे मशीन येऊन आता बराच काळ झालाय आणि त्याआधी बाहेरून बाटल्या लावायचा मॅनिफोल्डवाला ड्रायर मी भरपूर वापरलाय, त्यामुळे दोन्हींतला फरक हातानं बघितलाय. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण या बांधणीची मशीन बऱ्याच जणांची मिळतात आणि डीलर, सर्व्हिस इंजिनिअर हे सगळं शहरागणिक बदलतं, तेव्हा हा रिव्ह्यू मशीनच्या प्रकाराचा आहे असं समजा.

आता एवढं महत्त्व फ्रीझ ड्रायरला का? बहुतेक जण या विषयाकडे केमिस्ट्रीच्या बाजूने येतात. हाडात वजनाच्या साधारण ६५ ते ७० टक्के मिनरल असतं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं ऍपेटाइट, मग २० ते २५ टक्के ऑरगॅनिक भाग ज्यातलं जवळपास ९० टक्के टाइप वन कोलॅजन, आणि बाकी पाणी. कोलॅजनचा रेणू साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड, तीन साखळ्यांचा पीळ (हा पीळ मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडला, आपल्या देशात झालेलं हे काम आपल्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं), असे रेणू एकमेकांपासून सरकून रचले जाऊन बारीक तंतू म्हणजे फायब्रिल होतात आणि त्यावर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो, त्यात ४० नॅनोमीटरच्या आसपास जागा मोकळी राहते आणि हाडाचे स्फटिक तिथूनच आत शिरतात. हे सगळं वाचून माणूस भारावतो आणि सगळं लक्ष मिनरल फायब्रिलच्या आत कसं घालायचं इकडेच जातं. पण स्कॅफोल्ड ही शेवटी भोकं असलेली वस्तू आहे, पेशींना त्या भोकांतून आत जायचंय, रक्तवाहिन्यांना आत यायचंय, आणि ती भोकं केमिस्ट्रीने पडत नाहीत, ती बर्फाने पडतात. कोलॅजनची स्लरी (पाण्यातलं पातळ मिश्रण) गोठली की बर्फाचे स्फटिक वाढतात, कोलॅजन त्यांच्या मधल्या जागेत ढकललं जातं, मग व्हॅक्यूममध्ये बर्फ थेट वाफ होऊन निघून जातो आणि जिथे बर्फ होता तिथे छिद्र उरतं. म्हणजे तुमच्या स्कॅफोल्डची आतली सगळी रचना गोठताना त्या पाऊण-एक तासात ठरते, नंतर कितीही चांगलं मिनरल घाला ती बदलत नाही. घरी कुल्फी सावकाश गोठली की बर्फाचे मोठे खडे लागतात आणि पटकन गोठली की मऊ लागते, नेमकं तेच इथे मायक्रॉनमध्ये चालतं.

याचे आकडे लोकांनी नीट मोजून ठेवलेत. या पद्धतीचं मूळ एमआयटीच्या आयोनिस यानास आणि बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांच्या कामात, भाजलेल्या रुग्णांसाठी कोलॅजन आणि जीएजीची (साखरेच्या लांब साखळ्यांचा रेणू) कृत्रिम त्वचा, तिला १९९६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. तेव्हा स्लरी थेट आधीच थंड केलेल्या शेल्फवर ठेवून झटकन गोठवायचे आणि एकाच शीटमध्ये कुठे छिद्र बारीक तर कुठे मोठं असं व्हायचं. २००४ मध्ये फर्गल ओब्रायन, ब्रेंडन हार्ली, यानास आणि लॉर्ना गिब्सन यांनी दाखवलं की शेल्फ मिनिटाला ०.९ डिग्रीने एकसारखं खाली नेलं तर छिद्रं सगळीकडे सारखी येतात. पुढच्याच वर्षी त्यांनी शेवटचं तापमान उणे १० ते उणे ४० मध्ये बदलून सरासरी छिद्र ९६ ते १५१ मायक्रॉनच्या मध्ये हवं तसं आणून दाखवलं, जेवढं कमी गार तेवढं मोठं छिद्र. मग २०१० मध्ये डब्लिनच्या गटाने गोठवल्यावर थोडा वेळ वरच्या तापमानाला धरून ठेवायची स्टेप घातली, ज्याला ऍनीलिंग म्हणतात, त्यात बर्फाचे छोटे स्फटिक जाऊन मोठे आणखी मोठे होतात, आणि पल्ला ८५ ते ३२५ मायक्रॉनपर्यंत गेला, हाडाच्या पेशी सगळ्यात चांगल्या ३२५ वाल्यात वाढल्या आणि आतपर्यंत गेल्या. आता बघा, ०.९ डिग्री प्रति मिनिट, उणे १०, ऍनीलिंग, यातली एकही गोष्ट साध्या मॅनिफोल्ड ड्रायरवर करता येत नाही. ही माझी सगळ्यात मोठी बाजू आहे.

मॅनिफोल्डवाल्यात काय होतं सांगते. त्याला गोठवणं येतच नाही, तो फक्त वाळवतो. तुम्ही स्लरी साच्यात भरून उणे २० किंवा उणे ८० च्या डीप फ्रीझरमध्ये ठेवता, तिथे कुणीतरी दार उघडून सॅम्पल काढतं, कुणाचा बॉक्स शेजारी येतो, फ्रीझरच्या तळाशी वेगळं तापमान आणि दारापाशी वेगळं, मग गोठलेला साचा बाटलीत टाकून पळत पळत ड्रायरपर्यंत न्यायचा, तेवढ्यात कडा सुटायला लागतात, आणि बाटली खोलीच्या हवेत लटकलेली असते म्हणजे तिला उष्णता बाहेरून वाटेल तशी मिळते. प्रोटीन किंवा जनावराचा सीरम वाळवायला हे चालतं, कारण तिथे शेवटी पावडरच हवी असते. स्कॅफोल्डला रचना हवी असते. एकाच बॅचमधल्या दोन चकत्या एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघितल्या तर वेगवेगळ्या लोकांनी बनवल्यासारख्या दिसायच्या, आणि मग पेशींचं वागणं बदललं ते मिनरलमुळे की छिद्रांमुळे हे सांगायला काही आधारच राहत नाही. ज्यांनी असा डेटा रिव्ह्यूअरसमोर ठेवलाय त्यांना माहितीय मी काय म्हणतेय ते.

शेल्फवाल्या मशीनमध्ये शेल्फच्या आतून सिलिकॉन ऑइल फिरतं, त्यानेच थंड आणि त्यानेच गरम, आणि तुमचा साचा सरळ त्या शेल्फवर बसतो. गोठवणं, धरून ठेवणं, व्हॅक्यूम, वाळवणं, सगळं एकाच जागी, सॅम्पल हलवायचं नाही. आमची साध्या कोलॅजनची पद्धत अशी की अर्धा टक्का फायब्रिलर कोलॅजन ०.०५ मोलर ऍसिटिक ऍसिडमध्ये, होमोजिनायझरवर १५,००० आरपीएमला फिरवायचं, भांडं बाहेरून ४ डिग्रीला थंड ठेवून, कारण घर्षणाने गरम झालं की कोलॅजनचं जिलेटिन व्हायला लागतं आणि एकदा झालं की परत येत नाही. मग व्हॅक्यूममध्ये धरून बुडबुडे काढायचे, साच्यात ओतायचं, शेल्फवर ठेवायचं, प्रोग्रॅम चालू. मिनिटाला ०.९ ने खाली, ठरलेल्या तापमानाला धरायचं, मग व्हॅक्यूम २०० मिलीटॉरच्या आसपास आणि शेल्फ हळूहळू ० डिग्रीपर्यंत वर आणून रात्रभर. शेल्फ शून्यावर आहे म्हणजे बर्फ वितळेल अशी भीती नवीन मुलांना वाटते, पण वाफ होताना बर्फ स्वतःची उष्णता घालवत असतो त्यामुळे सॅम्पल शेल्फपेक्षा बरंच गार असतं, आणि हे मशीनमधल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेच्या प्रोबवर) डोळ्यांनी दिसतं. हे प्रोब मशीनसोबत किती येतात ते विचारून घ्या, आमच्याकडे आले ते कमी पडतात, एक साच्याच्या मध्ये, एक कडेला, एक दाराजवळ एवढे तरी हवेतच.

थर्मोकपलच्या ग्राफवर एक गोष्ट बघायला मला अजूनही तितकंच आवडतं. तापमान शून्याच्या खाली सरळ रेषेत उतरत जातं, स्लरी अजून पातळच, आणि मग एका क्षणी ते अचानक वर उडी मारतं कारण बर्फ धरला आणि लपलेली उष्णता बाहेर पडली. ती उडी सगळ्या प्रोबवर साधारण एकाच वेळी आली की समजायचं बॅच चांगली निघणार. वेगवेगळ्या वेळी आली तर छिद्रांचे आकार वेगळे येणार, आणि हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं, सेक्शन कापून एसईएमला नेईपर्यंत थांबावं लागत नाही. माझ्या मते या एका ग्राफसाठी मशीनचे अर्धे पैसे वसूल आहेत.

गेज. हा मुद्दा कोणताही सेल्सवाला स्वतःहून सांगत नाही म्हणून नीट लिहिते. स्वस्त मॉडेलमध्ये व्हॅक्यूम मोजायला फक्त पिरानी गेज (गॅसमुळे तापलेली तार किती थंड होते त्यावरून मोजणारं) असतं, आणि पिरानी पाण्याच्या वाफेत प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, दीडपटीच्याही वर. त्याच्या जोडीला कपॅसिटन्स मॅनोमीटर असेल तर तो खरं प्रेशर दाखवतो, कुठला गॅस आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन्ही असतील तर वाळवणं कधी संपलं ते आपोआप कळतं: वाफ येत असेपर्यंत दोन आकड्यांत अंतर राहतं, बर्फ संपत आला की पिरानी खाली येऊन दुसऱ्याला मिळतो. आमच्याकडे दोन्ही आहेत आणि त्यामुळे "झालं असेल बहुतेक, काढू" हा प्रकार बंद झाला. अर्धवट वाळलेला स्कॅफोल्ड बाहेर काढला की तो आपल्यासमोर बसतो, आक्रसतो, आणि आठवड्याची मेहनत गेली. कोटेशन मागवताना कपॅसिटन्स मॅनोमीटर स्पेसिफिकेशनमध्येच लिहा, नंतर ऑप्शनल म्हणून घ्यायला गेलात तर महाग पडतं.

आता मिनरलवाल्या स्लरीकडे येते, कारण बऱ्याच लायोफिलायझरचे (फ्रीझ ड्रायरचंच दुसरं नाव) रिव्ह्यू औषधवाल्यांनी लिहिलेले असतात आणि आपला माल वेगळा आहे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मिनरल स्लरीतच तयार करायचं, फॉस्फोरिक ऍसिडमध्ये कोलॅजन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट (एक जीएजी) घालून त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम नायट्रेट, या तिन्हींचं प्रमाण असं धरायचं की पीएच नंतर हाताने फिरवत बसावं लागत नाही. इलिनॉयमध्ये हार्लींचा गट अशाच स्कॅफोल्डवर काम करतोय, साधारण ४० टक्के मिनरलवाले, आणि त्यांचं शेवटचं गोठवण्याचं तापमान उणे १० आहे, म्हणजे मोठी छिद्रं हवीत म्हणून. ही स्लरी साध्या कोलॅजनपेक्षा बरीच घट्ट असते, बुडबुडे सहज सुटत नाहीत, त्यामुळे डीगॅसिंगला जास्त वेळ द्या. शिवाय विरघळलेल्या क्षारांमुळे ती साध्या स्लरीपेक्षा खाली गोठते, म्हणून साध्या कोलॅजनचा प्रोग्रॅम जसाच्या तसा लावू नका, प्रोबवर ती उडी दिसली का ते बघून मगच धरून ठेवायचा वेळ मोजायला सुरुवात करा. आमच्या मशीनमध्ये स्टेपची वेळ चालू प्रोग्रॅममध्ये वाढवता येते, ही सोय फार कामाची आहे, सगळ्या मॉडेलमध्ये नसते. आणि हे मिनरल आम्लात तयार होत असल्यामुळे आधी ब्रशाइट (दुसरंच एक कॅल्शियम फॉस्फेट) येतं, ऍपेटाइट नाही, एक्सआरडीवर (स्फटिक ओळखायची एक्स-रे चाचणी) ११.७ डिग्रीच्या आसपासचं शिखर दिसलं की ओळखायचं, मग त्याला पाण्यात ठेवून ऍपेटाइटकडे न्यावं लागतं, तेव्हा ते शिखर जाऊन २६ आणि ३२ डिग्रीकडची उठतात. मशीनचा याच्याशी संबंध नाही, पण बरेच जण ड्रायरमधून बाहेर आलेला पांढरा स्पंज म्हणजे हाडासारखंच मिनरल असं धरून चालतात म्हणून सांगितलं.

तयार हायड्रॉक्सीऍपेटाइटची पावडर कोलॅजनमध्ये ढवळून गोठवणाऱ्यांबद्दल मला थोडं वाईट वाटतं. पावडर खाली बसते, तुम्ही मिनिटाला ०.९ ने सावकाश उतरत असता आणि तेवढ्या वेळात खालचा थर मिनरलचा आणि वरचा कोलॅजनचा. झटकन गोठवलं तर पावडर जागेवर राहते पण छिद्रं बिघडतात. मशीन कितीही चांगलं असलं तरी हा पेच ते सोडवू शकत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त जवळचा आहे, आधी नुसत्या कोलॅजनचा स्कॅफोल्ड बनवायचा, क्रॉसलिंक करायचा (म्हणजे कोलॅजनचे रेणू एकमेकांना जोडून पक्का करायचा), आणि मग त्याला मिनरल द्यायचं, तेही पिल्प (पॉलिमर-इंड्यूस्ड लिक्विड प्रिकर्सर) पद्धतीने. फ्लोरिडाच्या लॉरी गॉवर यांचं हे काम आहे, पॉलिअस्पार्टिक ऍसिडसारखं ऋणभारित पॉलिमर थोडंसं घातलं की कॅल्शियम फॉस्फेट लगेच स्फटिक न होता द्रवासारख्या बारीक थेंबांच्या अवस्थेत राहतं आणि फायब्रिलच्या आत शिरून मग तिथे ऍपेटाइट होतं. ४.५ मिलिमोलर कॅल्शियम, २.१ मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, तापमान ३७ डिग्री, आणि दिवसामागून दिवस थांबायचं. पॉलिमर नसेल तर तेच मिनरल फायब्रिलच्या बाहेर गोळे होऊन चिकटतं, एसईएममध्ये फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं, आणि टीजीएवर (तापवून वजन मोजायची चाचणी) मिनरलचे टक्के चांगले दिसले तरी ते हाड नाही. २०१० मध्ये आइंडहोवेनच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं की कोलॅजन स्वतःसुद्धा या प्रक्रियेत भाग घेतं, नुसता साचा म्हणून पडून राहत नाही. मला हा विषय इथूनच लागला.

आणि इथे पुन्हा ड्रायरच कामाला येतो. पिल्पचं द्रावण स्कॅफोल्डच्या गाभ्यापर्यंत जायला हवं, आणि बाहेरच्या थरात आधी मिनरल धरलं की आतला रस्ता बंद होतो, मग तीन मिलिमीटरच्या चकतीत कडा दगडासारख्या आणि मध्ये मऊ स्पंज. छिद्रं एकसारखी आणि एकमेकांना जोडलेली असतील तर द्रावण आत जातं, वरून पातळ कातडीसारखा बंद थर आलेला असेल तर जात नाही. तो थर गोठताना साच्याच्या आणि हवेच्या बाजूला येतो, मी तो धारदार ब्लेडने काढूनच पुढे जाते, शिवाय द्रावण नियमित बदलत राहते. शेल्फवाल्यावर तो थर पातळ आणि सगळीकडे सारखा येतो त्यामुळे काढणं सोपं जातं, डीप फ्रीझरच्या मालात तो कुठे जाड कुठे पातळ असायचा.

साच्यांबद्दल दोन ओळी, कारण मशीनसोबत येणारे स्टीलचे ट्रे पुरेसे नाहीत. पातळ तळाचा, एकदम सपाट धातूचा साचा करून घ्या, शेल्फला पूर्ण टेकला पाहिजे, मधे हवेची फट राहिली की सगळा प्रोग्रॅम कागदावरच राहिला. आम्ही स्थानिक वर्कशॉपमधून करून घेतले, लेथवाल्या दादांना तळ सपाट का हवा हे समजावलं तर त्यांनी आमच्यापेक्षा जास्त मनावर घेऊन काम केलं. पेशींच्या प्लास्टिक प्लेटमध्ये ओतून गोठवणारे बघितलेत, त्या प्लेटचा तळ उचललेला असतो, खाली हवा राहते, ते नका करू. आणि ज्यांना एका दिशेने लांब छिद्रं हवीत त्यांनी बाजू टेफ्लॉनची आणि तळ तांब्याचा असा साचा करावा, मग थंडी फक्त खालून चढते आणि बर्फ उभा वाढतो. हे टेंडनसाठी वापरतात, हाडालाही लांब हाडांच्या कामात उपयोगाचं आहे.

आता तक्रारी, आणि आहेत.

पहिली म्हणजे नागपूर. मे महिन्यात बाहेर ४५ असताना एअर-कूल्ड कंप्रेसर दमतात, खोलीचं तापमान तिशीच्या वर गेलं की कंडेन्सर (निघालेली वाफ ज्यावर परत गोठते तो थंड भाग) खाली जायला वेळ लावतो आणि शेल्फ ठरलेल्या रॅम्पच्या मागे पडतं, म्हणजे स्क्रीनवर ०.९ लिहिलंय पण प्रत्यक्षात तेवढं होत नाही. रेकॉर्ड केलेला ग्राफ बघितल्याशिवाय हे कळत नाही. मशीनसाठी वेगळा एसी आणि मागे मोकळी जागा हवीच, आणि हा खर्च ग्रँटमध्ये आधीच धरा कारण मशीन स्वतःच खोली तापवतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या लॅबना माझं सांगणं आहे की वॉटर-कूल्डचा पर्याय असेल तर त्याची चौकशी करा. कोकणात, मुंबईत वेगळा त्रास, दमट हवेमुळे दार उघडताच थंड शेल्फवर दव धरतं, तेव्हा भरायच्या आधी शेल्फ खोलीच्या तापमानाला आणून पुसून घ्या.

दुसरी, लाईट. रन रात्रभर चालतो आणि मध्ये लाईट गेली तर मशीन काय करतं हे कॅटलॉगमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. प्रश्न दोन आहेत, पंपाचं तेल चेंबरकडे ओढलं जाऊ नये म्हणून व्हॉल्व आपोआप बंद होतो का, आणि लाईट परत आल्यावर प्रोग्रॅम जिथे होता तिथून पुढे जातो की बंदच राहतो. डेमोच्या वेळी प्लग काढायला लावा, लाजू नका. आमचं मशीन व्हॉल्व बंद करतं आणि ठरवलेल्या मिनिटांच्या आत लाईट आली तर पुढे चालू राहतं, नाहीतर अलार्म देऊन थांबतं, हे मला योग्य वाटतं. जनरेटर चालू व्हायला लागणाऱ्या वेळासाठी यूपीएस कंट्रोलर आणि व्हॉल्वला तरी हवा, कंप्रेसरला जोडायचं म्हटलं तर फार मोठा लागतो.

तिसरी, पंप आणि ऍसिटिक ऍसिड. कंडेन्सर उणे ५५ चा असेल तर पाण्याला तो पुरतो, पण ऍसिटिक ऍसिडची थोडी वाफ पुढे पंपात जाते आणि तेल खराब करते. तेल चहासारखं दिसायला लागलं की उशीर झालेला असतो. उणे ८५ चा कंडेन्सर घेतलात तर हा त्रास खूप कमी होतो, किमतीत फरक पडतो पण पंपाचं आयुष्य वाढतं. रन संपल्यावर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून तेलातली वाफ काढणारा व्हॉल्व) उघडा ठेवून पंप थोडा वेळ चालवा, आमचे टेक्निशियन काका हे न चुकता करतात म्हणून आमचा पंप ठणठणीत आहे. ड्राय पंप मिळत असेल आणि बजेट असेल तर तोच घ्या.

चौथी, जी मला सगळ्यात जास्त लागली, शेल्फ वर ६० डिग्रीपर्यंतच जातं. कोलॅजन वाळल्यावर व्हॅक्यूममध्ये १०५ डिग्रीला २४ तास ठेवून क्रॉसलिंक करतात, डीएचटी म्हणतात त्याला, त्याने केमिकल न घालता ताकद येते. विकणाऱ्याकडून "सर ये भी हो जाएगा" असं ऐकलेलं, होत नाही. वेगळा व्हॅक्यूम ओव्हन लागतो. आणि स्कॅफोल्ड पूर्ण वाळलेला असल्याची खात्री करूनच ओव्हनमध्ये घाला, ओलावा राहिला तर १०५ ला सरळ जिलेटिन होतं. त्यानंतर ईडीसी-एनएचएस या केमिकलने पुढचं क्रॉसलिंकिंग करायचं तर ते ओलं काम आहे, ड्रायरची गरज शेवटी परत लागते, पण त्या दुसऱ्या वेळी रचना पक्की झालेली असते त्यामुळे तेव्हा तेवढं जपावं लागत नाही, जुना मॅनिफोल्डवाला आम्ही त्यासाठीच ठेवलाय.

बारीकसारीक: पारदर्शक दारातून आत दिसतं हे छान पण दारातून उष्णताही जाते, दाराजवळची ओळ आधी वाळते, मी तिथे नुसत्या स्लरीचे फालतू साचे ठेवते आणि कामाचे मध्ये. टचस्क्रीन हातमोज्यांनी चालत नाही. डेटा पेनड्राइव्हवर सीएसव्हीमध्ये मिळतो, हे उत्तम. आवाज आहे, बसायच्या खोलीत ठेवू नका.

खरेदीबद्दल. सरकारी किंवा युनिव्हर्सिटीच्या लॅबला जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त बोली जिंकणार, हे बऱ्याचदा टाळता येत नाही, त्यामुळे सगळी लढाई स्पेसिफिकेशन लिहिताना असते. "शेल्फ टाइप लायोफिलायझर" एवढंच लिहिलंत तर तुम्हाला चेंबरमध्ये तापवणारे ट्रे असलेला मिळेल, ज्याच्या शेल्फला थंड करताच येत नाही, आणि कागदोपत्री तो शेल्फ टाइपच. लिहा की शेल्फ द्रव फिरवून थंड होणारं हवं, भरलेल्या अवस्थेत किमान उणे ४० पर्यंत, कूलिंग रेट ०.५ ते १ डिग्री प्रति मिनिट प्रोग्रॅम करता यावा, शेल्फवर सगळीकडे तापमानाचा फरक अधिक-उणे १ डिग्रीच्या आत, आणि हे इन्स्टॉलेशनच्या वेळी मोजून दाखवावं लागेल. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते असलं की विकणारा आधीच नीट विचार करून बोली लावतो. एएमसी आणि सीएमसी या देखभालीच्या दोन करारांतला फरक वाचून घ्या, एएमसीत इंजिनिअर येतो पण पार्टचे पैसे वेगळे, कंप्रेसर गेला तर तेच पैसे डोळ्यांत पाणी आणतात. आमच्याकडे इंजिनिअर बाहेरगावाहून येतो आणि फोन केल्यावर यायला जो वेळ लागतो त्यात एखाद्या मुलीचं सबमिशन पुढे जाऊ शकतं, यावर मी खूश नाही.

कोलॅजनवर मात्र पैसे वाचवा, कारण एवढ्या स्लरीला उंदराच्या शेपटीचं शुद्ध द्रावणातलं कोलॅजन परवडत नाही आणि गरजही नाही, गाईगुरांच्या टेंडनचं फायब्रिलर कोलॅजन पावडर स्वरूपात मिळतं ते या कामाला चांगलं चालतं. माशांच्या खवल्यांचं कोलॅजन आपल्या किनारपट्टीमुळे खूप जणांना खुणावतं, पण त्यात हायड्रॉक्सीप्रोलीन कमी असल्यामुळे ते कमी तापमानाला उलगडतं, ३७ डिग्रीला पिल्पमध्ये दिवसेंदिवस ठेवायचं तर क्रॉसलिंकिंग आधी पक्कं करा.

कुणी घेऊ नये? ज्यांना वर्षातून थोड्याच बॅच करायच्या आहेत त्यांनी घेऊ नये. जवळच्या फार्मसी कॉलेजमध्ये किंवा फॉर्म्युलेशनवाल्या लॅबमध्ये शेल्फवाला लायोफिलायझर बऱ्याचदा असतो, इंजेक्शनच्या कुप्यांसाठी घेतलेला, विनंती करून स्लॉट मिळतो, फक्त ऍसिडची स्लरी आणि मिनरलची धूळ म्हटल्यावर ते थोडे बिचकतात, ट्रे झाकून नेऊ आणि नंतर चेंबर पुसून देऊ असं आधीच सांगा. ज्यांना फक्त दाताच्या किंवा हाडाच्या सर्जरीसाठी तयार ग्राफ्ट हवाय त्यांनी बनवायच्या फंदात पडू नये, बाजारात ९० टक्के बोव्हाइन हाडाचे दाणे आणि १० टक्के डुकराचं कोलॅजन असलेला बायो-ऑस कोलॅजनसारखा माल आहे, तो वेगळ्या कामाचा आहे आणि त्याच्यामागे भरपूर क्लिनिकल अनुभव आहे. पण ज्यांना मिनरल फायब्रिलच्या आत न्यायचंय, छिद्राचा आकार स्वतः ठरवायचाय आणि पुढच्या बॅचमध्ये तोच परत आणायचाय, त्यांना याशिवाय पर्याय मला दिसत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. अर्धा स्टार उन्हाळ्यातल्या रॅम्पसाठी कापला, अर्धा सर्व्हिससाठी. कमेंटमध्ये तुमचा कंडेन्सर किती डिग्रीचा आणि शेल्फची साइज किती ते लिहिलंत तर मिनरलवाल्या स्लरीचा प्रोग्रॅम कसा बसवायचा ते सांगते, साच्याचं ड्रॉइंगही पाठवेन.